पाकीट गावात येतं, परत नेणार कोण?

तेरणाकाठ (धाराशिव जिल्हा)

नमस्कार मंडळी. ग्रामपंचायत सदस्य म्हणून माझं हे तिसरं वर्ष. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच.

मे महिन्यात आमच्या गावाजवळचा ओढा खोल करायचं काम निघालं. पोकलेनच्या पहिल्या पाच-सहा बकेटांत माती कमी आणि पन्नीच जास्त आली. ऑपरेटरनं मशीन थांबवलं आणि म्हणाला, "ताई, हा गाळ रानात टाकू नका, रान खराब होईल." गाळ न्यायला ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी रिकामेच माघारी गेले. मला ते फार लागलं. आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी दोन दिवस ओढ्यातलं आणि काठावरचं प्लास्टिक वेचलं. ३४ पोती भरली.

मग भंगारवाल्याला बोलावलं. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, तेलाचे डबे, फुटक्या बादल्या अशी ९ पोती त्यानं लगेच उचलली. दुधाच्या पिशव्यांचं एक पोतं हो-ना करत घेतलं. २४ पोती तिथंच राहिली. त्यात वेफर्सची पाकिटं, बिस्किटाचे पुडे, मसाल्याच्या पुड्या, ज्यूसची कागदी दिसणारी खोकी, आणि गुटख्याच्या पुड्या. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्या पुड्यांचंच जवळजवळ पोतंभर निघालं.

घरी येऊन मी नियम वाचायला घेतले. प्लास्टिक कचऱ्याचे केंद्राचे नियम २०१६ चे. त्यात गाव आणि शहर दोन्ही आले, म्हणजे ग्रामपंचायतीवरही जबाबदारी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यात मार्गदर्शक तत्त्वं घातली, ती उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची. सोप्या शब्दांत, ज्या कंपनीनं पाकीट बाजारात आणलं तिनंच तेवढं प्लास्टिक गोळा होऊन त्यावर प्रक्रिया होईल हे बघायचं. आधी २५ टक्के, मग ७० टक्के, आणि २०२३-२४ पासून पूर्ण १०० टक्के.

१०० टक्के हा आकडा वाचून मी शाळेमागच्या खोलीत ठेवलेल्या त्या २४ पोत्यांकडे जाऊन उभी राहिले. यातलं एकही पाकीट न्यायला कुणी आलेलं नाही, येणार असल्याचं कुणी कळवलेलंही नाही. कुणाला विचारायचं? तुमच्या गावात, तालुक्यात काय चाललंय ते लिहा.

जुना_मोंढा (जालना)

ताई, आमचं घराणं तीन पिढ्या भंगारात आहे. तुमच्या भंगारवाल्यावर रागावू नका, त्याला परवडतच नाही. एक लिटरच्या साधारण चाळीस-पन्नास बाटल्या झाल्या की किलो भरतो. पाच रुपयांच्या वेफर्सची पाकिटं किलोभर करायची तर तीनशे-चारशे वेचावी लागतात. वेचणाऱ्या बाईचा अर्धा दिवस जातो आणि मोंढ्यात त्याला भाव शून्य.

भाव का नाही, तेही सांगतो. पाण्याची बाटली एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. झाकण आणि लेबल काढलं, दाबून गठ्ठा बांधला की ती पुढे जाते, तिचा चुरा होतो, त्यातून पॉलिस्टरचा धागा निघतो. उशीत भरायचा कापूस म्हणतात तो बराचसा त्यातलाच. चमकीच्या पाकिटाचं तसं नाही. आत चकचकीत थर, बाहेर छपाईचा थर, मध्ये आणखी काहीतरी, आणि सगळं एकमेकांना चिकटवलेलं. वेगळं करायला जावं तर त्यातून मिळणाऱ्या मालापेक्षा खर्च जास्त.

दुधाची पिशवी चांगला माल आहे, पण वासामुळे गोदामात उंदीर होतात. कोरडी करून आणली तर आम्ही घेतो.

आणि एक. या नव्या कायद्यातले पैसे आमच्या साखळीत खालपर्यंत येत नाहीत. गावातून फिरणारा सायकलवाला, मग तालुक्याचा दुकानदार, मग आम्ही, मग गठ्ठा घेणारा कारखाना. एवढ्या प्लास्टिकवर प्रक्रिया झाली असं प्रमाणपत्र, जे कंपन्या विकत घेतात, तयार होतं ते शेवटच्या टोकाला. पहिल्या टोकाला आजही बाटलीचाच भाव आहे, आणि तो कच्च्या तेलासोबत खाली-वर होतो.

वाळूजकर

मी वाळूज एमआयडीसीत पॅकेजिंगच्या लाइनवर १४ वर्षं आहे. ताईंनी विचारलेलं १०० टक्के कुठं जातं, ते मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

नियमांत पॅकेजिंगचे वर्ग केलेत. पहिला कडक प्लास्टिक, म्हणजे बाटल्या, बरण्या, डबे. दुसरा लवचिक, एक किंवा जास्त थर असले तरी सगळे प्लास्टिकचेच. तिसरा बहुस्तरीय, ज्यात प्लास्टिकशिवाय दुसरा पदार्थही असतो, जसं ॲल्युमिनियम फॉइल. चौथा कुजणारं प्लास्टिक. प्रत्येकाला किमान पुनर्प्रक्रियेची टक्केवारी आहे. कडकला २०२४-२५ मध्ये ५० टक्के, पुढे दरवर्षी १० टक्क्यांनी वाढून २०२७-२८ ला ८०. लवचिक आणि बहुस्तरीयला ३० पासून ६० पर्यंत. उरलेलं रस्त्याच्या डांबरात, सिमेंटच्या भट्टीत किंवा वीज-तेल तयार करायला जाऊ शकतं.

कंपनीनं आपला आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दाखवायचा असतो. प्रक्रिया करणारा कारखाना प्रमाणपत्र तयार करतो, कंपनी ते विकत घेते. यात जिल्ह्याचं बंधन कुठंच नाही. पाकीट विकलं तुमच्या गावात, आणि त्या वजनाचं प्रमाणपत्र आलं एखाद्या मोठ्या शहराजवळच्या कारखान्यातून, तरी कागदावर हिशेब जुळतो. मोठ्या शहरात एका गाडीत टनभर माल मिळतो. तुमच्या ओढ्यातली २४ पोती आणायला गाडी पाठवली तर डिझेलच जास्त. म्हणून कुणी येत नाही.

प्रमाणपत्रांतही गडबड झालेली आहे. २०२३ मध्ये मंडळाच्या तपासणीत काही मोजक्या प्रक्रियाकारांनी ६ लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. मी रोज हे साहित्य हाताळतो, त्यामुळे ती बातमी वाचून मला वाईट वाटलं. प्रामाणिकपणे माल गोळा करणाऱ्याचा भाव अशानं पडतो.

जमेची बाजूही सांगतो. २०२५-२६ पासून कडक पॅकेजिंगमध्ये ३० टक्के पुनर्प्रक्रिया केलेलं प्लास्टिक वापरायचं बंधन आलंय, आणि ते २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर जायचंय. अन्नाच्या पॅकिंगला जुनं प्लास्टिक आधी मुळीच चालत नव्हतं, २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अटींसह दार उघडलं. त्यामुळे स्वच्छ बाटलीला मागणी वाढणार. मोंढ्यातल्या दादांनी बाटल्या पावसात भिजू देऊ नयेत.

किराणा_चौक (भूम)

सगळ्यांचं वाचलं. आता दुकानदाराचंही ऐका.

२३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदी आली, २३ जूनपासून दंड सुरू. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि ३ महिने कैद. माझ्या दुकानाचा दिवसाचा गल्लाच तेव्हा पाच हजार होत नव्हता. पन्नी बंद करायला माझा विरोध नव्हता, मी स्वतः कापडी पिशव्या शिवून घेतल्या. पण त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत छापायची होती, किमान ५० पैसे. पाण्याच्या बाटलीवरही किंमत छापायची होती. दोन-तीन महिने गिऱ्हाईक पिशव्या घेऊन यायचं. मी पदरचे पैसे दिले. घराच्या माळ्यावर पिशव्यांचे गठ्ठे लागले, उन्हाळ्यात वास सुटला, आणि त्या न्यायला कोणीही आलं नाही. शेवटी मी घेणं बंद केलं. लोक मलाच बोलले.

म्हणून आता कोणी म्हणालं की किराणा दुकानावर परत घ्यायची सोय करा, तर माझा पहिला प्रश्न एकच. न्यायला गाडी कोणाची?

आणि हे जमू शकतं, हेही मीच सांगतो. माझ्या वडिलांच्या काळात काचेच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक यायचं. क्रेटची अनामत भरलेली असायची. गिऱ्हाइकानं दुकानातच उभं राहून प्यायचं, घरी न्यायचं तर बाटलीचे पैसे ठेवायचे. भरलेले क्रेट उतरवणारी गाडीच रिकामे क्रेट घेऊन जायची. वेगळी गाडी नव्हती, वेगळं गोदाम नव्हतं, आणि रस्त्यावर एक बाटली दिसायची नाही. आज वेफर्सची व्हॅन आमच्या चौकात आठवड्यातून दोनदा येते, माल उतरवते आणि रिकामी जाते. रिकामी! त्या व्हॅनमध्ये दोन पोती बसत नाहीत का?

तेरणाकाठ

दादा, तुमचं हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलंय. गाडी येते, माल उतरवते आणि रिकामी जाते. माझ्या डोक्यात इतके दिवस जे होतं ते तुम्ही बरोबर मांडलंत.

पशुवैद्य_परभणी

मला एवढंच सांगायचंय की हा विषय स्वच्छतेपुरता नाही. गाईचं पोट फुगलंय, खात नाही, रवंथ नाही म्हणून शेतकरी येतो. ऑपरेशन करून पहिलं पोट उघडावं लागतं. हात घातला की दोरखंडासारखी पिळलेली पन्नी बाहेर येते, किलोकिलोनं. त्यात पाकिटं असतात, कारण त्याला मीठ आणि तेलाचा वास लागलेला असतो. चारा कमी असला की जनावर उकिरड्याकडं वळतं. २०१५-१६ च्या दुष्काळात अशा केसेस माझ्याकडे सगळ्यात जास्त आल्या.

जी गाय वाचते तिच्या मालकाला मी ती पन्नी दाखवतो. बहुतेक जण गप्प होतात. एका आजींनी ती धुवून घरी नेली आणि गोठ्याच्या दारावर टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून.

आणि कृपा करून जाळू नका. सकाळी झाडलोट झाली की दारात पाकिटं पेटवायची सवय आमच्याकडं घरोघरी आहे, लेकरं तिथंच शेकत बसायलेत.

हडको_एन११ (छत्रपती संभाजीनगर)

शहरात सगळं गोळा होतं असं कोणाला वाटत असेल तर २०१८ आठवा. तीसेक वर्षं शहराचा कचरा नारेगावला ओतला. फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या लोकांनी गाड्या अडवल्या, मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या गेल्या तर दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी महिनोन्महिने ढीग होता. ओला-सुका वेगळा करायला या शहरानं त्यानंतर सुरुवात केली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं प्रक्रिया केंद्रं झाली, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस.

तेव्हा मला कळलं, की गाडी नेते म्हणजे प्रश्न सुटला असं आपण मानायचो, आणि नारेगावच्या माणसांच्या विहिरी खराब होत होत्या. ताई, तुमची २४ पोती उद्या कोणी उचलली तर ती कुठं नेणार हेही विचारा.

गंजगोलाई (लातूर, सध्या कोइंबतूर)

नोकरीनिमित्त तमिळनाडूत आहे, म्हणून इथलं सांगते. निलगिरी डोंगरात पर्यटक दारूच्या बाटल्या जंगलात टाकायचे, हत्तींच्या पायात काचा जायच्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये तिथं सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायला लागले. रिकामी बाटली परत दिली की १० रुपये परत. बाटल्या खरंच परत यायला लागल्या, आणि मग ही पद्धत इतर जिल्ह्यांतही नेली. केदारनाथच्या वाटेवरही त्याच वर्षी पाण्याच्या बाटलीला क्यूआर कोड लावून १० रुपये अनामत सुरू झाली. गोव्यानं २०२४ मध्ये अशी योजना अधिसूचित केली.

५० पैशांसाठी कोणी वाकत नाही. १० रुपयांसाठी मूल शाळेतून येताना बाटली उचलून आणतं. आपल्या तुळजापूरला नवरात्रात किती पाण्याच्या बाटल्या पडतात ते मी लहानपणापासून बघतेय. सुरुवात तिथून का करू नये?

जुना_मोंढा

ताई, अनामतीला माझा विरोध नाही. पण बाटली हाच आमच्या धंद्याचा कणा आहे. ती बाटली परत घेणाऱ्या मशिनीत आणि दुकानात जायला लागली तर फिरणाऱ्या बायकांच्या हातात काय राहील? पाकीट. ज्याला भाव नाही ते. योजना आणायची तर परत घ्यायचं केंद्र या बायकांनाच चालवायला द्या, बाटलीमागे त्यांना काही सुटू द्या. आमच्याकडे ज्या येतात त्यांतल्या दोघींनी या बाटल्यांवर लेकींची लग्नं केली आहेत.

गंजगोलाई

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. माझ्या म्हणण्यात हे जोडून घ्या.

ग्रामसेवक_२१

तेरणाकाठ ताई, निधीचं सांगतो, कारण ते बऱ्याच सदस्यांना कोणी सांगत नाही.

स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये होते. २,४०० वस्तीचं गाव असेल तर १ लाख ४४ हजार. यात वर्गीकरणाची शेड आणि एखादी तीनचाकी कशीबशी होते, ती चालवणाऱ्याचा पगार बसत नाही. शिवाय प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ३० टक्के भाग स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्यासाठीच राखलेला होता, तो कुठं खर्च झाला हे तुम्ही मासिक सभेत विचारू शकता. विचारा.

मी काम केलेल्या एका तालुक्यात केंद्राची शेड उभी राहिली, दाबून गठ्ठा करायचं मशीनही आलं. थ्री-फेजची जोडणी मिळायला वर्ष गेलं. नंतर माल आणायचा कोणी, यावर अडलं. गावं म्हणाली आमच्याकडं गाडी नाही, केंद्र म्हणालं आमच्याकडं डिझेल नाही. मशीनवर ताडपत्री आहे अजून. मी त्या बैठकांना होतो आणि मला काही करता आलं नाही, याचं मला दुःख आहे.

पण तुमच्याकडं सगळ्यात अवघड गोष्ट झालेली आहे. वेचून, वेगळी केलेली २४ पोती. आता वजन करा. कुठल्या प्रकारची किती, ते नोंदवहीत लिहा, फोटो काढा. वजनाचा कागद हातात असला की पंचायत समितीत बोलणं वेगळं होतं.

वाळूजकर

ग्रामसेवक साहेबांच्या बोलण्याला जोडून. १ जुलै २०२५ पासून प्लास्टिक पॅकेजिंगची नोंदणीची माहिती बारकोड, क्यूआर कोड, माहितीपत्रक किंवा विशिष्ट क्रमांक यांपैकी एका मार्गानं द्यायची आहे. म्हणजे पाकिटावरून जबाबदार कंपनीपर्यंत पोचता येतं. पाकिटं वर्गवार लावताना ब्रँडनुसारही लावा. सगळ्यात जास्त ज्यांची निघतील त्या दोन-तीन कंपन्यांच्या ग्राहक विभागाला ग्रामसभेच्या ठरावासह पत्र द्या, प्रत केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला. किराणा दादांचा मुद्दा त्यात घाला: तुमची व्हॅन रिकामी जाते.

माझ्या मते नियमात एक ओळ हवी. ज्या तालुक्यात माल विकला त्या तालुक्यातून ठरावीक वाटा उचललाच पाहिजे. ती ओळ नाही तोवर १०० टक्के मोठ्या शहरांतच भरून निघेल.

तेरणाकाठ

सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत, त्यानंतर काय झालं ते कळवते.

शाळेतल्या दोन वर्गांच्या मुलांसोबत पोती उघडली. काटा रेशन दुकानातून आणला. २४ पोत्यांचं वजन भरलं २१७ किलो, त्यातली माती झटकल्यावर १४८. ब्रँडनुसार ढीग लावले, मुलांनी फळ्यावर रेघा ओढल्या. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे सगळं आपणच खाल्लं का?" उत्तर द्यायला मला वेळ लागला. मग म्हणाले, "हो, आपल्याच गावानं."

ग्रामसभेत ठराव झाला. तिन्ही दुकानांसमोर एकेक पोतं अडकवायचं, फक्त पाकिटांसाठी. दारात जाळायचं नाही. तीन कंपन्यांना पत्रं गेली आहेत. वेफर्सच्या व्हॅनच्या पोराला मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, "ताई, मला नेता येईल, पण डेपोवर उतरवून घेतील का ते मालकाला विचारावं लागेल." त्याच्या मालकाचा नंबर घेतलाय, पुढच्या आठवड्यात मी जाणार आहे.

जालन्याच्या दादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. एवढी पाकिटं गठ्ठा करून तुमच्याकडं पाठवली तर तुम्ही पुढे सिमेंटच्या भट्टीला देऊ शकाल का? गाडीभाडं ग्रामपंचायत देईल. आणि शहरात सांगतात तसं पाकिटं धुवून वाळवायची का? आमच्याकडं टँकर चार दिवसांनी येतो, बायका म्हणायलेत की पाकिटं धुवायला पाणी कुठून आणायचं.

जुना_मोंढा

पाठवा ताई. माझ्याकडं आणखी दोन गावांचं असंच पडलंय, तुमचं आलं की एक गाडी भरेल. भाव देता येणार नाही, पण तुमच्याकडून पैसेही घेणार नाही.

धुवायचं अजिबात नाही. मीठ-तेल राहिलं तर चालतं, माती आणि ओल तेवढी नको. उन्हात ताडपत्रीवर पसरा, काठीनं झटका, पोत्यात दाबून भरा आणि तोंड सुतळीनं शिवा. प्लास्टिकच्या दोरीनं बांधू नका, भट्टीवाले ती कापत बसतात.